वाट चाललेलीच वाटाडी होते

बँकेच्या शाखेत पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या गरीब घरच्या स्त्रीकडे काउंटरपलीकडून पाहिले, तर दिसतो तो तिचा संकोच. पैसे भरण्याची स्लिप तिने उलटी धरलेली असते. विचारायचे पुष्कळ असते, पण कोणाला विचारावे हे उमगत नाही. तिच्यासाठी योजना आहेत, व्याजात सवलत आहे, गटाच्या कर्जाला ठरावीक मर्यादेपर्यंत तारणाची अट नाही. या सर्वांची माहितीपत्रके शाखेच्या भिंतीवर लावलेलीही असतात. परंतु ते माहितीपत्रक आणि ती स्त्री यांच्यामधले अंतर आणखी एक माहितीपत्रक लावून कमी होत नाही. त्यासाठी कोणीतरी तिच्यासोबत चालावे लागते. आणि ही सोबत कोणाची, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

वंचित समाजातील स्त्रियांना गटागटाने मार्गदर्शन करण्याचे जे उपक्रम गेल्या चार दशकांत आपल्या देशात उभे राहिले, त्यांतील यशस्वी उपक्रमांनी या प्रश्नाचे एक साधे उत्तर दिले आहे. वाटाडी शहरातून आणावी लागत नाही. त्याच गरिबीतून, त्याच वाटेने काही वर्षे आधी चालून गेलेली स्त्री हीच सर्वांत चांगली वाटाडी होय. बिहारमधील ‘जीविका’ उपक्रमाच्या वाटचालीत हे उत्तर विशेष स्पष्टपणे दिसते. त्या उत्तराचे सामर्थ्यही तेथे दिसते आणि त्याच्या मर्यादाही.

लहान गटाचा शोध

या कथेची मुळे दक्षिणेत आहेत. कर्नाटकात ‘मायराडा’ ही स्वयंसेवी संस्था १९८० च्या दशकात ग्रामीण सहकारी संस्थांबरोबर काम करीत होती. या मोठ्या संस्थांवर मोजक्या वजनदार मंडळींचे वर्चस्व निर्माण झाले आणि त्या मोडकळीस आल्या. मात्र त्यांतील काही सभासद लहान लहान गट करून कर्ज फेडण्याची तयारी घेऊन पुढे आले. हे गट कोणी आखून दिलेले नव्हते. एकमेकांविषयीचा विश्वास एवढाच त्यांचा पाया होता. गरिबांची संस्था टिकायची असेल तर ती लहान हवी, आणि तिच्या सभासदांनी एकमेकांना स्वतः निवडलेले असावे, हा धडा त्यातून मिळाला.

नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गट बँकांशी जोडण्याचा पथदर्शी प्रकल्प हाती घेतला. एप्रिल १९९६ मध्ये रिझर्व्ह बँकेने, गटांना कर्ज देणे हा बँकांच्या नेहमीच्या व्यवहाराचा भाग समजावा, असे सांगितले. ज्या गटाकडे जमीन नाही, तारण नाही, त्याच्या नावे खाते उघडून कर्ज द्यावयाचे, ही कल्पना त्या काळी अनेक शाखाधिकाऱ्यांना धाडसाची वाटली असल्यास नवल नाही. आज दीनदयाळ अंत्योदय योजना–राष्ट्रीय ग्रामीण जीविकोन्नती अभियानाखाली ९० लाखांहून अधिक गट असून त्यांतून १० कोटींहून अधिक ग्रामीण स्त्रिया एकत्र आल्या आहेत.

आकडे मोठे आहेत. परंतु गट स्थापन करणे निराळे आणि गट घडवणे निराळे. रजिस्टरवर बारा नावे लिहून खाते उघडायला एक दिवस पुरतो. त्या बारा जणींनी एकमेकींवर विश्वास ठेवून, हिशेब समजून घेऊन, भांडण न टाळता ते मिटवायला शिकायला काही वर्षे लागतात. मार्गदर्शनाची गरज आहे ती या दुसऱ्या कामासाठी.

दीड महिन्याची फेरी

हे काम कोणी करावे, याची एक पद्धत अविभाजित आंध्र प्रदेशात विकसित झाली. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने महबूबनगर, कर्नूल व अनंतपूर या तीन दुष्काळी जिल्ह्यांत दारिद्र्य निर्मूलनाचे काम सुरू झाले. पुढे २००० मध्ये राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन केली. गट जुने झाले, त्यांतील काही स्त्रियांनी कर्ज घेतले, फेडले, पुन्हा घेतले, म्हशी पाळल्या, मुली शिकवल्या. या स्त्रियांकडे असा एक अनुभव साठला होता, जो कोणत्याही पदवीधर प्रशिक्षकाकडे नव्हता. त्यांनाच ‘समुदाय संसाधन व्यक्ती’, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातील ‘सीआरपी’, म्हणून तयार करण्यात आले.

बिहारमध्ये २००७ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘जीविका’चे काम नालंदा, गया, खगडिया, मुझफ्फरपूर, मधुबनी आणि पूर्णिया या सहा जिल्ह्यांत सुरू झाले. पुढे आंध्रातील या अनुभवी स्त्रिया बिहारच्या गावांत येऊ लागल्या. साधारण दीड महिन्याची एक फेरी. एकेका तुकडीत चार-पाच जणी. त्यांचा मुक्काम गावातच असे. गावात शिरल्यावर त्यांचा पहिला रस्ता मुखियाच्या अंगणाकडे नसे. सर्वांत गरीब टोल्याकडे, दलित आणि भूमिहीनांच्या वस्तीकडे असे. बोली वेगळी, जेवण वेगळे, हवामान वेगळे. तरीही समोरच्या स्त्रीला एक गोष्ट चटकन कळत असे, ती ही की बोलणारी बाई साहेबीण नाही. तिच्याही हातावर शेतमजुरीचे घट्टे आहेत.

अशी स्त्री जेव्हा सांगते की, ‘पहिले कर्ज घेतले तेव्हा मलाही झोप लागली नव्हती’, तेव्हा ते ऐकणारीच्या मनात उतरते. हेच वाक्य अधिकाऱ्याच्या तोंडी उपदेश ठरले असते. ‘ज्याचे जळते त्याला कळते’ अशी म्हण आपल्याकडे आहे. या पद्धतीने त्या म्हणीचे कामकाजात रूपांतर केले. फेरी संपताना त्या बहिणी निघून जात, पण जाण्यापूर्वी गावातीलच एखादी धडपडी स्त्री हेरून तिला हिशेब ठेवायला आणि बैठक चालवायला शिकवून जात. पुढे बिहारच्या गटांतूनच अशा अनुभवी ‘दीदी’ तयार झाल्या आणि त्या आपल्या राज्यात फेऱ्या करू लागल्या. महाराष्ट्राच्या ‘उमेद’ अभियानातही गावोगावी जाऊन गट उभे करणाऱ्या अशा स्त्रिया आहेत; त्यांना ‘वर्धिनी’ असे सुंदर नाव मिळाले आहे.

बैठकीतली शाळा

या मार्गदर्शनाचा खरा वर्ग म्हणजे गटाची बैठक. दहा ते पंधरा जणी सतरंजीवर गोल करून बसतात. वर्तुळात कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही. प्रत्येकीने आपले नाव सांगायचे असते. ही बाब शहरी वाचकाला क्षुल्लक वाटेल. पण जिला सासरी आयुष्यभर अमक्याची सून किंवा तमक्याची आई म्हणूनच हाक मारली गेली, तिला चारचौघींत स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारणे पहिल्या दिवशी अवघड जाते. नंतर त्याच नावाची सही येते.

पुढचा क्रम बचत गटांच्या सुपरिचित पंचसूत्रीचा: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जवाटप, नियमित परतफेड आणि हिशेबाचे नियमित लेखन. ‘जीविका’च्या गटांत बचत आठवड्याला दहा रुपयांपासून सुरू झाली. रक्कम लहान होती, कारण गटातील सर्वांत गरीब स्त्रीलाही ती झेपली पाहिजे. जमलेल्या पैशांतून कोणाला कर्ज द्यायचे, यावर सर्वांसमक्ष चर्चा होते. मुलाच्या आजारपणासाठी मागणाऱ्या बाईला आधी द्यावे की बियाण्यासाठी मागणारीला, हा निर्णय त्या स्वतः घेतात. प्राधान्य, जोखीम, परतफेडीची क्षमता हे शब्द त्यांच्या कानांवर कधी आलेले नसतात, पण कर्ज मंजुरीचे हे सारे विचार त्या बैठकीत होतात. अनुभवी दीदी त्या वेळी निर्णय देत नाही. ती प्रश्न विचारते: ‘फेडणार कशातून?’, ‘पीक बुडाले तर?’, ‘घरात सांगितले आहे का?’ उत्तर गटाने शोधायचे असते.

हिशेब येतो म्हणजे केवळ लिहिता-वाचता येते असे नव्हे, याचे एक बोलके उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे स्त्रियांची सहकारी बँक काढण्याचा प्रस्ताव चेतना गाला सिन्हा व त्यांच्या सहकारी स्त्रियांनी मांडला, तेव्हा प्रवर्तकांतील काही स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून परवाना नाकारला गेला. त्या स्त्रियांनी अक्षरओळखीचे वर्ग सुरू केले आणि काही महिन्यांनी पुन्हा रिझर्व्ह बँकेत जाऊन अधिकाऱ्यांनाच सांगितले की, कोणत्याही मुद्दलावरील व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. ही हकीकत सिन्हा यांनी जाहीरपणे सांगितली आहे. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या स्त्रियांनी हे धैर्य एकत्रित कमावले होते. एकटीदुकटी स्त्री त्या टेबलासमोर तसे बोलू शकली असती, असे म्हणवत नाही.

दोन वर्षांत काय बदलते?

भावनेच्या भरात कोणत्याही उपक्रमाचे कौतुक करणे सोपे असते. सुदैवाने ‘जीविका’चा अभ्यास काटेकोरपणे झालेला आहे. बिहारमधील काही पंचायतींत काम आधी व काहींत नंतर सुरू करून दोहोंची तुलना करण्यात आली आणि २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन वर्षांत सावकारी कर्ज लक्षणीय प्रमाणात घटले, कुटुंबे भरत असलेल्या व्याजाचा सरासरी दर खाली आला, आणि सावकारांनीही आपले दर काहीसे कमी केले. भूमिहीन कुटुंबांकडे थोडीफार मालमत्ता साठू लागली. मात्र त्याच अवधीत घरखर्चात वाढ दिसली नाही आणि स्त्रियांच्या घरातील अधिकारांबाबतचे चित्र संमिश्रच राहिले.

या निष्कर्षाने निराश होण्याचे कारण नाही, पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. व्याजाचा दर दोन वर्षांत बदलतो; घरातले स्थान बदलायला अधिक काळ लागतो. गावोगाव जाऊन दीर्घकाळ मुलाखती घेणाऱ्या समाजशास्त्रज्ञांना तो दुसरा बदलही हळूहळू घडताना आढळला. ज्या स्त्रिया पूर्वी टोल्याबाहेर पडत नसत, त्या दुसऱ्या जातीच्या वस्तीतील बैठकीला जाऊ लागल्या, बँकेत आणि पंचायतीत बोलू लागल्या.

आवाज मिळाला की तो वापरलाही जातो. जुलै २०१५ मध्ये पाटण्यातील एका कार्यक्रमात ‘जीविका’च्या दीदींनी मुख्यमंत्री नितीश कुमार यांच्यासमोर दारूबंदीची मागणी केली. एप्रिल २०१६ मध्ये बिहारमध्ये दारूबंदी लागू झाली.

गटाबाहेर राहिलेल्या

येथे या कथेला एक अवघड वळण मिळते. गावठी दारू गाळणे किंवा ताडी विकणे यांवर ज्यांची चूल पेटत होती, अशी कुटुंबेही त्याच गावांत होती, आणि ती प्रायः सर्वांत तळाच्या जातींतील होती. काही स्त्रियांच्या घरातील मारहाण थांबावी म्हणून झालेल्या निर्णयाने दुसऱ्या काही स्त्रियांच्या घरातील मिळकत थांबली. शिवाय या दुसऱ्या स्त्रिया बहुधा गटातही नव्हत्या. आठवड्याला दहा रुपयेसुद्धा ज्यांना नियमाने भरता येत नाहीत, त्या स्वतःहून दूर राहतात, आणि हप्ता बुडेल या भीतीने गटही त्यांना घेण्यास कचरतो. सामूहिक मार्गदर्शनाची ही मोठी उणीव आहे: ज्या स्त्रीला त्याची सर्वाधिक गरज आहे, तीच वर्तुळाबाहेर उभी असते.

ही उणीव ओळखून ऑगस्ट २०१८ मध्ये बिहारने ‘सतत जीविकोपार्जन योजना’ सुरू केली. दारूबंदीमुळे रोजगार गेलेली व इतर अत्यंत गरीब कुटुंबे कोणती, हे ठरवण्यात गावातील स्त्रियांच्या ग्रामसंघांना प्रमुख स्थान देण्यात आले. निवडलेल्या स्त्रीला सुरुवातीस कर्ज दिले जात नाही. लहान दुकानाचा माल, शेळ्या अशी उत्पन्नाची साधने दिली जातात. पहिले काही महिने घरखर्चाला मदत मिळते. आणि प्रशिक्षित मार्गदर्शक वारंवार घरी येऊन विक्री, खर्च, बचत यांचा हिशेब तिच्यासोबत मांडते. पाय स्थिरावले की तिला गटात सामील करून घ्यायचे, असा हा क्रम आहे.

या क्रमामागे आधीचा अनुभव आहे. बांगलादेशातील ‘ब्रॅक’ संस्थेने रुजवलेली ही पद्धत पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात बंधन संस्थेने राबवली होती. भारतासह सहा देशांतील अशा प्रयोगांचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मदत थांबून वर्ष लोटल्यावरही कुटुंबांची स्थिती सुधारलेलीच राहिल्याचे त्यात दिसले. मुर्शिदाबादेत तर सात आणि दहा वर्षांनंतरही लाभ टिकून होता. शेळ्या विकल्या किंवा मेल्या असतील. पण धंदा कसा सांभाळावा हे त्या आठवड्यागणिक झालेल्या भेटींत शिकलेले असल्यास त्याचा उपयोग पुढेही होत राहतो.

घाईची किंमत

मार्गदर्शनाला वगळून केवळ कर्ज पुढे रेटले तर काय होते, हे २०१० मध्ये आंध्र प्रदेशाने अनुभवले. बचत गट घट्ट विणले गेले होते त्याच गावांत काही खासगी सूक्ष्म वित्त कंपन्या शिरल्या. एकाच स्त्रीला चार ठिकाणांहून कर्ज, एका कर्जाचा हप्ता दुसऱ्या कर्जातून, आणि वसुलीसाठी दारात गर्दी. आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढला, वसुली ठप्प झाली आणि संपूर्ण क्षेत्र हादरले. गट मोडण्यास कर्जाची कमतरता कारणीभूत नव्हती. ‘हे कर्ज तुला पेलेल का?’ असे विचारणारे कोणी उरले नव्हते. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये, ही मर्यादा रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये सूक्ष्म कर्जांसाठी घालून दिली. चांगल्या गटाच्या बैठकीत हा प्रश्न त्यापूर्वीच विचारला जात होता.

घाईचे दुसरे रूप अधिक सौम्य, पण तितकेच घातक आहे. ‘जीविका’चा विस्तार साऱ्या राज्यात वेगाने होऊ लागला, तेव्हा कामाचा दर्जा टिकला काय, याचा अभ्यास जागतिक बँकेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मांडला. सुरुवातीच्या काळातील कार्यकर्ते घराघरात बसत, नकार ऐकून घेत, पुन्हा जात. विस्ताराच्या काळात उद्दिष्टे वाढली, भेटी कमी झाल्या, आणि समजावण्याची जागा सूचनांनी घेतली. कागदावर गट तेवढेच दिसत; आतील वीण मात्र सैल झाली होती.

शाखेच्या खिडकीपाशी

बँक कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने या सर्वांचा अर्थ काय? पहिली गोष्ट, ‘बँक सखी’ ही शाखेतील गर्दी हटवण्याची सोय नव्हे. गटातूनच आलेली ही प्रशिक्षित स्त्री अर्ज भरून देते, पासबुकातील नोंद समजावते, आणि संकोचून दारात उभ्या असलेल्या बाईला आत आणते. ज्या शाखेत तिला बसायला खुर्ची आणि बोलायला दोन मिनिटे मिळतात, तेथील गटांची कागदपत्रे अपुरी राहण्याचा संभव कमी असतो. दुसरी गोष्ट, समुदाय आधारित वसुली यंत्रणेची मासिक बैठक ठरल्या दिवशी घ्यावी. हप्ता का थकला याचे खरे उत्तर वसुलीच्या नोटिशीपेक्षा शेजारच्या गटातील दीदीकडून लवकर मिळते. आणि थकबाकी एका महिन्याची असतानाच ते मिळणे, गटाच्या व बँकेच्याही हिताचे असते. तिसरी गोष्ट, गटाची मर्यादा वाढवताना केवळ खात्यातील उलाढाल न पाहता इतिवृत्ताची वही चाळावी. बैठका नियमित आहेत का, कर्ज एकाच दोघींना तर मिळत नाही ना, अध्यक्ष आणि सचिव बदलतात का, हे त्या वहीतून कळते.

ग्राहक वाचकांनाही येथे स्थान आहे. निवृत्त शिक्षिका, लेखापाल, पशुवैद्य, शिवणकाम जाणणाऱ्या गृहिणी यांनी गटांना आपले कौशल्य जरूर द्यावे. मात्र गटाचे निर्णय गटाकडेच राहू द्यावेत. कौशल्य बाहेरून येऊ शकते. धीर देण्याचे काम त्या वाटेने गेलेलीच अधिक चांगले करते.

शेवटी एक बाब स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. ही सारी रचना ज्या स्त्रियांच्या पायपिटीवर उभी आहे, त्यांचे मानधन तुटपुंजे असते. त्यांची कामे मात्र वाढतच आहेत: हिशेब, सर्वेक्षणे, मोबाइलवरील नोंदी, निरनिराळ्या योजनांचा प्रचार. सेवाभावाच्या नावाखाली गरीब स्त्रीचे श्रम स्वस्तात घेणे हेही एक प्रकारचे शोषणच होय. म्हणून यापुढे एखाद्या गटाचा आढावा घेताना बचत, कर्ज आणि परतफेड या तीन रकान्यांच्या शेजारी आणखी तीन प्रश्न असावेत: या गटाला वाट दाखवणारी स्त्री कोण आहे, ती महिन्यातून किती वेळा येते, आणि तिचे मानधन तिच्या खात्यात वेळेवर जमा होते का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर बँकेच्या संगणकावरच सापडेल.